जुनी मियाटा घ्यावी का? सगळा हिशेब वजनाचा

तुम्ही विचारले आहे ते थोडक्यात असे: बजेट मर्यादित आहे, उघड्या छताची दोन सीटची जुनी स्पोर्ट्स कार हवी आहे, आणि ज्याला विचाराल तो पहिल्या पिढीची माझ्दा एमएक्स-५, म्हणजे मियाटा, घ्या म्हणतो. पण कागदावर तिची ताकद जेमतेम ११५ अश्वशक्ती. आजच्या कितीतरी साध्या गाड्या तिला सरळ रस्त्यावर मागे टाकतील. मग लोकांना तिच्यात दिसते काय? आणि तीस वर्षांहून जुनी गाडी पोसणे परवडेल का?

बावीस वर्षे मी या गाड्यांवर काम करतो आहे. त्यांची इंजिने उघडली आहेत, सडलेला पत्रा कापून नवा वेल्ड केला आहे, आणि काम झाल्यावर चाचणीच्या निमित्ताने लांबचा वळणांचा रस्ता मुद्दाम धरला आहे. माझ्या लेखी तुमचे हे दोन प्रश्न एकच आहेत. ही गाडी चालवायला इतकी गोड का आणि सांभाळायला इतकी हलकी का, या दोन्हींचे मूळ तिच्या वजनात आहे. सुरुवातीची १.६ लिटरची गाडी साडेनऊशे किलोच्या आसपास भरते. तिच्याबद्दलची बाकीची प्रत्येक चांगली गोष्ट या आकड्यातून निघते, म्हणून आधी तो आकडा आला कुठून ते सांगतो.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी ब्रिटिश छोट्या रोडस्टर, म्हणजे उघड्या दोन सीटच्या, गाड्यांचा काळ संपत आला होता. एमजीबी आणि ट्रायम्फ स्पिटफायर या दोन्हींचे उत्पादन १९८०मध्ये थांबले. लोकांना त्या आवडायच्या, पण त्या तेल गाळायच्या, पावसात विजेची वायरिंग रुसायची आणि मालक जेवढा गाडीत बसायचा तेवढाच गाडीखाली झोपायचा. १९७९मध्ये बॉब हॉल नावाच्या अमेरिकी मोटार पत्रकाराने माझ्दाच्या केनिची यामामोतो यांना सुचवले, की अशी साधी, हलकी, उघडी गाडी आता कोणी बनवत नाही, ती तुम्ही बनवा. यामामोतो हे माझ्दाच्या रोटरी इंजिनामागचे अभियंते. पुढे १९८४मध्ये ते कंपनीचे अध्यक्ष झाले, आणि हॉल तोवर माझ्दातच नोकरीला लागले होते. त्याच सुमारास कंपनीत आराखड्यांची स्पर्धा लागली. एका बाजूला इंजिन पुढे व पुढचीच चाके ओढणारी गाडी, दुसरीत इंजिन मधोमध, आणि कॅलिफोर्नियातल्या गटाची इंजिन पुढे व मागची चाके ढकलणारी जुन्या वळणाची गाडी. कॅलिफोर्नियावाले जिंकले. इंग्लंडमधल्या वर्दिंग इथे पहिला चालता नमुना बांधला गेला. १९८५मध्ये तो सँटा बार्बराच्या रस्त्यांवर फिरवला, तेव्हा लोक आपापल्या गाड्या वळवून त्याच्या मागे लागले. फेब्रुवारी १९८९मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात गाडी जगासमोर आली, तेव्हा अमेरिकेत तिची मूळ किंमत १३,८०० डॉलर होती. जपानमध्ये त्याच वर्षी ती युनोस रोडस्टर या नावाने विकायला आली.

प्रकल्पाचे प्रमुख तोशिहिको हिराई यांनी एक जुना जपानी शब्दप्रयोग समोर ठेवला होता: जिन्बा इत्ताई. स्वार आणि घोडा यांचे एक शरीर. आपल्याकडे घोड्यावर मांड पक्की बसणे म्हणतात, ते याच्या फार जवळचे आहे. मांड बसली की स्वाराला लगाम ओढावा लागत नाही, मांडीचा दाब पुरतो. माझ्दाने त्यासाठी काय केले ते पाहण्यासारखे आहे, कारण ते जाहिरातीतले शब्द म्हणून राहिले नाहीत. ते नटबोल्टात उतरले आहेत. गाडी लिफ्टवर घेतली की मला ते डोळ्यांनी दिसते.

गाडीखाली गेलात तर मधोमध ॲल्युमिनियमची एक लांब जाळीदार पट्टी दिसेल. तिला पॉवर प्लांट फ्रेम म्हणतात. मागची चाके ढकलणाऱ्या बहुतेक गाड्यांत इंजिन-गिअरबॉक्स एका टोकाला रबरी माउंटवर, मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारी पेटी, म्हणजे डिफरन्शिअल, दुसऱ्या टोकाला आपल्या रबरांवर. ॲक्सिलरेटर दाबला की दोघेही आपापल्या जागी थोडे पिळतात, मग गाडी हलते. पायाने हुकूम देणे आणि गाडीने तो पाळणे यांत एक बारीक सैलपणा राहतो. मियाटात ही पट्टी गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल यांना जखडून एकाच तुकड्यासारखे करते. म्हणून पाय एक सूतभर हलला तरी गाडी तेवढीच हलते. पहिल्यांदा चालवणारा माणूस परत आला की म्हणतो, "ही गाडी ऐकते." त्या ऐकण्यामागे ही पट्टी आहे.

दुसरी गोष्ट चारही चाकांना असलेले डबल विशबोन सस्पेन्शन. त्या काळात या किमतीच्या गाडीत ते सहसा मिळत नसे. वळणावर अंग कलते, पण वर-खाली दोन दांड्यांमुळे टायर रस्त्यावर बऱ्यापैकी उभा टेकून राहतो. त्यामुळे १८५ मिमी रुंदीच्या, १४ इंची साध्या टायरवर गाडीचे भागते. अरुंद टायरचा एक गुण लोक विसरतात. तो पकड सोडताना आधी कळवतो. रुंद टायर शेवटपर्यंत चिकटून राहतो आणि मग एकदम सुटतो. हा हळूहळू घसरायला लागतो, स्टीअरिंगमधून आणि सीटमधून सांगतो, आणि सावरायला वेळ देतो. पॉवर स्टीअरिंग नसलेली गाडी मिळाली तर एकदा जरूर चालवून पाहा. उभी करताना हात भरून येतात हे खरे, पण चालत्या गाडीत रस्त्याचा खडान्‌खडा तळहाताला कळतो.

शिवाय इंजिन पुढच्या आसाच्या मागे सरकवून बसवले आहे, बॅटरी उचलून डिकीत नेली आहे आणि बोनेट ॲल्युमिनियमचे आहे. दोन माणसे बसल्यावर पुढच्या आणि मागच्या चाकांवर जवळजवळ सारखे वजन येते. गाडीचा मध्य तुमच्या कमरेपाशी येतो, म्हणून ती वळते तेव्हा तुमच्याभोवती वळल्यासारखी वाटते.

आता त्या ११५ अश्वशक्तीविषयी. ० ते १०० किलोमीटर वेग गाठायला तिला नऊ सेकंदांच्या आसपास लागतात. आकडा म्हणून यात काही नाही. पण ज्या गाडीत चारशे अश्वशक्ती आहे, ती सार्वजनिक रस्त्यावर पूर्ण ताकदीने तुम्ही किती वेळ चालवू शकता? दोन सेकंद, फार तर तीन. त्यानंतर एकतर कायदा मोडलेला असतो किंवा पुढचे वळण आलेले असते. मियाटाचे इंजिन दुसऱ्या गिअरमध्ये मिनिटाला ७,००० फेऱ्यांपर्यंत नेले तरी वेगाचा काटा शंभराच्या अलीकडेच असतो. म्हणजे इंजिन पूर्ण गाते आहे, तुम्ही मनगटाच्या एका झटक्यात गिअर बदलता आहात, वळणाआधी ब्रेक लावून खालचा गिअर टाकता आहात, आणि हे सगळे समंजस वेगात. गाडीच्या अंगात जेवढे आहे तेवढे सगळे सामान्य माणसाला रोज वापरता येते. मला तिचे सर्वांत मोठे देणे हेच वाटते. चांगले चालवणे ज्यांना शिकायचे आहे त्यांना मी आधी हीच गाडी सुचवतो, कारण चूक केली तर ती लगेच दाखवते आणि तिची शिक्षा बेताची देते.

गिअर बदलण्याचे सुख वेगळे लिहायला हवे. लिव्हर आखूड, हालचाल त्याहून आखूड, आणि प्रत्येक गिअर खटका देऊन बसतो. ही पेटी माझ्दाच्या मोठ्या सेडानच्या पेटीवरून घेतलेली आहे, म्हणजे तिला याहून जड गाडी ओढायची सवय. इंजिनही कंपनीच्या ३२३ या घरगुती गाडीच्या घराण्यातले. त्याचा ब्लॉक बिडाचा आहे, आणि तेच इंजिन त्या गाडीत टर्बोसह चालत असे. भक्कम भाग हलक्या गाडीत बसवले की ते थकत नाहीत. परवडण्याचे उत्तर इथून सुरू होते.

ब्रेक पॅड लहान, टायर लहान, शॉकॲब्सॉर्बरवर भार कमी, क्लचला झटावे लागत नाही, बेअरिंगे वर्षानुवर्षे टिकतात. बोनेट उघडल्यावर हाताला जागा मिळते. व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारा टायमिंग बेल्ट साधारण एक लाख किलोमीटरला बदलायचा, आणि या पिढीच्या इंजिनात तो तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत. गाडी रस्त्यात थांबेल, इंजिन वाचेल. १९८९ ते १९९७ या काळात पहिल्या पिढीच्या चार लाखांहून अधिक गाड्या बनल्या, त्यामुळे सुटे भाग अजून निघतात. माझ्दाने स्वतः जपानमध्ये या गाड्यांची पुनर्बांधणी सुरू केली आणि बंद पडलेले काही भाग पुन्हा बनवले. इतक्या जुन्या आणि इतक्या स्वस्त गाडीच्या वाट्याला हे क्वचितच येते.

आता सावध करायचे ते. गाडी बघायला जाल तेव्हा इंजिनाच्या आधी पत्रा बघा. इंजिन बदलता येते, गिअरबॉक्स बदलता येतो, सडलेला सांगाडा मात्र पैसे गिळत राहतो.

सर्वांत वाईट जागा म्हणजे दाराखालची पत्र्याची पोकळ पेटी, त्यातही मागच्या चाकाच्या पुढचा भाग. तिथे गंज का धरतो हे कळले तर तो शोधणेही सोपे जाते. कापडी छतावरून उतरणारे पावसाचे पाणी सीटच्या मागे, दोन्ही कोपऱ्यांतल्या भोकांत जमते आणि नळीवाटे खाली रस्त्यावर पडते. त्या भोकांत पाने, धूळ, कापडाचे तंतू साचले की पाणी तुंबते आणि आतल्या पोकळीत उतरते. पत्रा आतून बाहेर कुजतो. बाहेरून रंग चकचकीत दिसतो, तोवर आत चाळण झालेली असते. त्यामुळे विकणारा म्हणतो "फक्त छोटासा फुगवटा आहे", तेव्हा तो फुगवटा म्हणजे आतल्या रोगाचे शेवटचे लक्षण असते हे लक्षात ठेवा. बोटाच्या पेराने तिथे ठोकून पाहा. निरोगी पत्रा टणटण बोलतो, लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली जागा मठ्ठ आवाज देते. बारीक चुंबक पातळ कापडात गुंडाळून फिरवा. जिथे तो धरत नाही, तिथे लांबी जाड आहे.

काही वर्षांपूर्वी एक गाडी माझ्याकडे आली. मालकाने ती नुकतीच घेतली होती, रंग आरशासारखा, आतले लेदर नवे. जॅक लावण्याच्या जागेवर जॅक लावला आणि गाडी उचलायच्या ऐवजी जॅकच आत गेला. विकणाऱ्याने कुजक्या पत्र्यावर पुठ्ठ्यासारखा पातळ पत्रा चिकटवून वर काळे डांबरी कोटिंग मारले होते. दुरुस्तीचा आकडा सांगताना मला त्या मुलाच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हते. त्याने गाडी ठेवली, आम्ही दोन्ही बाजू कापून नव्या केल्या, आणि ती आजही चालते. पण तेवढ्या पैशांत त्याला आधीच धड गाडी मिळाली असती. तळाला नवेकोरे काळे कोटिंग दिसले की मी आता तिथेच जास्त वेळ थांबतो.

इंजिनातला एकच दोष असा आहे जो न पाहता गाडी घेऊ नये. अगदी सुरुवातीच्या, १९९१पर्यंतच्या काही १.६ इंजिनांत क्रँकशाफ्टचे, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचे, पुढचे टोक आखूड आणि पुलीला त्यावर जखडणाऱ्या लोखंडी चावीची खाच लहान आहे. पूर्वी कोणी बेल्ट बदलताना पुलीचा मधला बोल्ट नीट आवळला नसेल, तर चावी हलत राहते, खाच झिजते, इंजिनाचे टायमिंग मागे पडते आणि ताकद जाते. इंजिन मंद चालू ठेवून क्रँकच्या पुलीकडे समोरून बघा. ती डुगडुगत असेल तर गाडी सोडा किंवा दुसऱ्या इंजिनाचे पैसे वजा करून बोला. पुलीला चार खाचा असतील तर आखूड टोकाचे इंजिन, आठ असतील तर पुढचे सुधारलेले. आखूड टोकाचे इंजिन वाईटच असते असे नाही. नीट आवळलेले असेल तर ते आयुष्यभर जाते.

बाकीच्या गोष्टी किरकोळ आहेत. थंड इंजिन सुरू करताना टिकटिक आवाज येतो तो व्हॉल्व्ह दाबणाऱ्या, ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या हायड्रॉलिक टॅपेटचा, बहुतेकदा चांगल्या ऑइलने आणि वेळेवरच्या बदलाने कमी होतो. क्लच हलवणारा तेलाचा छोटा सिलिंडर, म्हणजे स्लेव्ह सिलिंडर, गळतो. भाग स्वस्त, काम तासाभराचे. इंजिनाच्या मागच्या बाजूने ऑइल उतरते ते बहुधा तिथे बसवलेल्या कॅम अँगल सेन्सर या भागाच्या रबरी रिंगमधून. रेडिएटरची वरची प्लास्टिकची टाकी काळ्याची तपकिरी झाली असेल तर ती फुटण्याच्या बेतात आहे, फुटण्याआधी बदला. गिअर लिव्हरखालचे रबर फाटले की आत गरम हवा आणि आवाज येतो, तेही सहज बदलता येते. मागचे ब्रेक कॅलिपर अडकतात. अलाइनमेंटचे, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याचे, बोल्ट सस्पेन्शनच्या रबरी बुशमध्ये गंजून बसतात, म्हणून गाडी घेण्याआधी ते फिरतात का हे विचारा. नाहीतर अलाइनमेंटचे साधे काम दोन दिवसांचे होऊन बसते. आणि हे अलाइनमेंट नक्की करून घ्या. "गाडी भरकटते" अशी तक्रार घेऊन आलेल्या निम्म्या गाड्या मी एवढ्यावर बऱ्या केल्या आहेत.

छताविषयी एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. पहिल्या पिढीत मागची खिडकी लवचिक प्लास्टिकची आहे. छत उतरवण्याआधी तिची चेन उघडून खिडकी सपाट झोपवायची, मग दोन खटके सोडून छत मागे टाकायचे. घाईत चेन न उघडता छत ढकलले की प्लास्टिकला घडी पडते आणि थंडीत ते त्याच घडीवर तडकते. नीट जमले की सीटवर बसल्या बसल्या एका हाताने दहा सेकंदांत छत उघडते. इलेक्ट्रिक मोटर नाही, पंप नाही, म्हणजे बिघडायलाही फारसे काही नाही.

घेतल्यावर लोक एक चूक करतात, आणि ती पाहून मला खरोखर वाईट वाटते. सतरा इंची जड चाके, दगडासारखे कडक स्प्रिंग, जमिनीला टेकलेली गाडी. वर सांगितलेले सगळे गुण हलक्या चाकांवर आणि सस्पेन्शनच्या मोकळ्या हालचालीवर उभे आहेत. ते काढून घेतले की उरते ती एक आवाज करणारी, उड्या मारणारी जुनी गाडी. पैसे खर्च करायचेच असतील तर आधी चांगले टायर, नवे बुश, नवे शॉकॲब्सॉर्बर, ब्रेकचे ताजे ऑइल आणि डोक्यामागे एक पक्का रोलबार. रोलबार शोभेसाठी सांगत नाही. ही १९८९ची उघडी गाडी आहे, आजच्या गाड्यांसारखे अपघातातले संरक्षण तिच्यात नाही, आणि हे समजून मगच ती घ्यावी. उंच माणसाने आधी छत लावून बसून बघावे, गुडघा स्टीअरिंगला लागतो का, डोके कापडाला लागते का. रोज हायवेवर तासन्‌तास जायचे असेल तर तिचा आवाज तुम्हाला थकवेल. तिच्या डिकीत दोन मऊ पिशव्या मावतात, एवढाच तिचा संसार.

पहिल्या पिढीसारखे वर उघडणारे दिवे नसले तरी चालत असेल, तर १९९८पासूनची दुसरी पिढीही बघा. तीच घडण, काचेची मागची खिडकी, थोडी जास्त ताकद, आणि बाजारात बहुधा कमी भाव. फक्त तिच्या पुढच्या चॅसिसच्या दांड्या इंजिनाच्या खालून तपासा. तिथे दुहेरी पत्र्यांच्या मध्ये ओल धरून गंज लागतो आणि वरून दिसत नाही. होंडा बीट आणि सुझुकी कॅप्पुचिनो या १९९१च्या ६६० सीसीच्या आतल्या छोट्या रोडस्टर मला फार प्रिय आहेत, पण त्यांचे भाग मिळवणे जिकिरीचे. होंडा एस२००० अप्रतिम, पण आता ती परवडणारी राहिलेली नाही.

माझे उत्तर: घ्या, पण कागदावरचे किलोमीटर बघून घेऊ नका. दीड लाख चाललेली, वेळेवर सर्व्हिस झालेली आणि कोरड्या पत्र्याची गाडी ही पन्नास हजार चाललेल्या, बाहेर पावसात उभ्या राहिलेल्या गाडीपेक्षा केव्हाही बरी. बघायला जाताना टॉर्च, चुंबक आणि पाण्याची एक बाटली न्या. छत अर्धे मागे करा, सीटमागच्या दोन्ही कोपऱ्यांतल्या भोकांत अर्धी अर्धी बाटली ओता आणि खाली वाकून मागच्या चाकांच्या पुढे बघा. दोन्ही बाजूंनी पाणी लगेच जमिनीवर पडले, तर बोलणी सुरू करा. एका बाजूचे पाणी आतच राहिले, तर त्या बाजूच्या पत्र्याचे फोटो काढून मला पाठवा, मग किमतीचे बोलू.